दिवाळीपर्यंत तरोटा राहू द्या

नवरात्र लागलं की नागपुरातल्या आमच्या त्रिमूर्तीनगरात विळे आणि फावडी बाहेर निघतात. पावसाळाभर कंपाउंडच्या कडेने वाढलेला तरोटा (कोणी टाकळा म्हणतात), रुई, घोळ, आघाडा, गवत, सगळं एका सकाळी मुळासकट उपटलं जातं आणि गल्लीच्या कोपऱ्यावर त्याचा ढीग लागतो. मग भिंतीला चुना, फाटकाला ऑइलपेंट. सणाच्या आधी घर लखलखीत करायची ही रीत मला मनापासून आवडते आणि आमच्याकडेही ती होते. पण भिंतीलगतचा हिरवा पट्टा मी तुळशीचं लग्न होईपर्यंत कोणालाही उपटू देत नाही. फुलपाखरांसाठी तुम्हीही देऊ नका, हे सांगायलाच आज लिहायला बसले आहे.

हिशोब सोपा आहे. घटस्थापनेपासून लक्ष्मीपूजनापर्यंत एक चांद्रमास असतो, अश्विन शुद्ध प्रतिपदा ते अमावास्या. आपल्याकडच्या ऑक्टोबरच्या उन्हात बहुतेक छोट्या-मध्यम फुलपाखरांना अंड्यापासून पंख फुटेपर्यंत साधारण तेवढाच वेळ लागतो. अंडं तीन-चार दिवस, अळी दोन आठवड्यांच्या आसपास, मग आठवडाभर किंवा थोडा जास्त कोष. म्हणजे घट बसले त्या दिवशी तरोट्याच्या पानावर घातलेलं अंडं दिवाळीत फुलपाखरू होऊन उडतं. आणि आपण विळा चालवतो तो नेमका दसऱ्याच्या तोंडावर, अळ्या पानं खात असतात तेव्हा. नंतर दिवाळीत झेंडूच्या कुंड्या मांडून ठेवतो आणि म्हणतो, यंदा फुलपाखरं काही दिसून नाही राहिली.

नागपुरात फुलपाखरं तशी बाराही महिने असतात, पण त्यांचा खरा काळ पावसाळ्यापासून हिवाळा लागेपर्यंतचा. पुढे उन्हाळ्याच्या अखेरीपर्यंत ती कमी कमी होत जातात. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नागपूर शहर आणि आसपासच्या भागात १४५ जाती नोंदवल्या आहेत, आणि मोसमाचा हा चढउतारही त्यात दिसतो. त्याच्याही किती आधी, १९३१ साली, आपल्या अजब बंगल्याचे, म्हणजे नागपूरच्या संग्रहालयाचे, क्युरेटर डी'अब्रू यांनी मध्य प्रांतातल्या फुलपाखरांची यादी छापली होती. या शहरात जवळजवळ शंभर वर्षांपासून कोणी ना कोणी फुलपाखरं बघून लिहून ठेवतं आहे. मला याचा फार अभिमान वाटतो.

ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात पाऊस विदर्भातून परततो. आभाळ स्वच्छ होतं, ऊन टोचायला लागतं, जमिनीत मात्र ओल टिकून असते आणि पानं अजून कोवळी असतात. फुलपाखराला पंख हलवायच्या आधी अंग तापवावं लागतं, त्यासाठी ऊन हवं. पिल्लांसाठी कोवळं पान हवं. शरदात दोन्ही एकदम मिळतं.

मला बायका विचारतात, कोणती फुलझाडं लावू? फुलझाडं लावाच, त्याबद्दल पुढे लिहिते. पण फूल म्हणजे फुलपाखराची चहाची टपरी आहे. आलं, घोटभर प्यालं, गेलं. संसार पानावर चालतो, आणि तोही वाटेल त्या पानावर चालत नाही. प्रत्येक जातीच्या अळीची ठरलेली झाडं असतात. ती मिळाली नाहीत तर मादी तुमच्या अंगणात अंडं घालणार नाही, मग तुम्ही कितीही महागडं झाड नर्सरीतून आणा. म्हणून पानापासून सुरुवात करू.

तरोटा सगळ्यांत आधी. आखाड-श्रावणात याच्या कोवळ्या पानांची भाजी आपण खातो. आमच्या सासूबाई अजूनही पहिल्या पावसानंतर टोपली घेऊन निघतात. नवरात्रापर्यंत तो कमरेला लागतो, पिवळी फुलं येतात, लांब वाकड्या शेंगा धरतात. आता त्याला कोणी विचारत नाही. पण जमिनीलगत उडणारं ते छोटं पिवळंधमक फुलपाखरू, ग्रास यलो, याच्यावर वाढतं. पांढरट हिरवी छटा असलेलं मॉटल्ड एमिग्रंटही त्याच्यावर अंडी घालतं. ही अंडी पाहायची तर सकाळी, कारण संध्याकाळ झाली की तरोटा पानं मिटून घेतो. शेंड्याची पानं हलकेच उलटसुलट करून पाहा. पानावर एकेक उभं, दोन्ही टोकांना निमुळतं, तांदळाच्या कणीहूनही बारीक अंडं दिसेल. आधी पांढरं असतं, मग पिवळसर होतं. अळी अगदी पानाच्या रंगाची हिरवी असते आणि पानाच्या मधल्या शिरेवर सरळ लांब पडून राहते. पहिल्यांदा बघणाऱ्याला ती समोर असून दिसत नाही. आधी कुरतडलेलं पान शोधा, मग त्याच्या शेजारचं पान नीट बघा.

गवत काढायला आमच्याकडे ज्या मावशी येतात, त्या एकदा म्हणाल्या, "काहून ठेवून राहिल्या बाई हा तरोटा? डास होते ना यानं." मी त्यांना खिडकीपाशी नेलं आणि कूलरची टाकी दाखवली. डास पानाखाली बसतात हे खरं, पण वाढतात साचलेल्या पाण्यात. डेंग्यूच्या दिवसांत आमच्या घरी सगळ्यांत आधी कूलर रिकामा होतो, कुंड्यांखालच्या बशा उपड्या होतात, गच्चीवरचे टायर-डबे जातात. ते केल्यावर भिंतीलगतच्या दोन फूट तरोट्याला घाबरायचं कारण उरत नाही. मावशींनी मग त्याच पट्ट्यात एक अळी मला शोधून दाखवली. त्यांची नजर माझ्यापेक्षा तीक्ष्ण आहे, आयुष्यभर त्या हिरव्यातून हिरवं वेगळं काढत आल्या आहेत. आता विळा त्यांच्या हातात असला तरी मला काळजी नसते.

रुईबद्दल मात्र मी थांबून लिहिणार आहे, कारण एकाच झाडावर फुलपाखराचा सगळा जन्म उघड्या डोळ्यांनी बघायचा असेल तर रुईसारखं झाड नाही.

आमची रुई फाटकाच्या उजवीकडे आपोआप उगवली. शेजारच्या काकू दर शनिवारी मारुतीच्या माळेसाठी तिची पानं नेतात. आमचा एक करार आहे, काकू वरची मोठी पानं घेतात आणि कोवळे शेंडे सोडतात. त्या शेंड्यांवर प्लेन टायगर येतं. नारिंगी पंख, टोकाला काळं आणि त्यात पांढरे ठिपके, उडणं अगदी निवांत. त्याला घाई नसते, कारण त्याला खाणाऱ्या पक्ष्याला एकदा अद्दल घडलेली असते. रुईच्या चिकात विष असतं, अळी ते पोटात साठवते आणि फुलपाखरातही ते उतरतं.

मादी आली की ओळखू येते. ती फुलाकडे बघत नाही. पानावर उतरते, पुढच्या पायांनी पान चाचपते, पसंत नाही पडलं की उडून दुसऱ्यावर जाते. पान पटलं की कडेला लटकून पोट खाली वळवते आणि पानाच्या मागच्या अंगाला एकच अंडं चिकटवते. एकच. मग पुढचं पान, नाहीतर पुढचं झाड. तीन-चार दिवसांनी अंड्याचं टोक काळं पडतं, अळी बाहेर येते आणि आधी स्वतःचं कवच खाते. पुढचं काम पाहण्यासाठी हातात भिंग घ्या. रुईचं पान फाडलं की बदाबदा चीक येतो आणि इवलीशी अळी त्यात चिकटून मरू शकते. म्हणून ती आधी पानावर गोल चर कोरते. चीक त्या चरातून वाहून जातो, आतलं चकतीएवढं पान कोरडं पडतं, आणि मग ती ते आतून खायला लागते. पानाला गोल गोल भोकं पडलेली दिसली की समजावं, इथे कोणीतरी राहून गेलं. अळी मोठी झाली की पांढऱ्या-काळ्या पट्ट्यांची, पिवळ्या ठिपक्यांची होते आणि अंगावर काळ्या मऊ शिंगांच्या तीन जोड्या येतात. ती लपत नाही. भर दुपारी पानाच्या वरच्या अंगाला बसून खाते.

कोष बहुधा पानाखाली किंवा फांदीला उलटा लटकतो. कधी फिकट हिरवा, कधी गुलाबीसर, आणि त्याच्या कमरेशी बारीक सोनेरी ठिपक्यांची ओळ. बाहेर पडायच्या आदल्या दिवशी कोष काळवंडतो आणि सालीतून नारिंगी पंख दिसायला लागतात. फुलपाखरू बहुतेक सकाळी निघतं. ओले, चुरगळलेले पंख खाली सोडून लटकून राहतं, आणि थोड्या वेळात पंखांत जीव भरतो. तेव्हा त्याला हात लावायचा नाही. शाळेत जायची कितीही घाई असली तरी माझी लेक रुईला वळसा घालूनच स्कूलबसकडे जाते.

याच रुईपाशी एक फसवणूकही चालते. कधी कधी प्लेन टायगरसारखंच दिसणारं फुलपाखरू येतं आणि रुईला हुंगतही नाही, खाली जमिनीलगत घोळीच्या ताटव्यावर उतरतं. ती डॅनेड एगफ्लायची मादी. तिच्या अंगात विष नाही, पण विषारी फुलपाखराचा वेश तिने असा घेतला आहे की पक्षी तिलाही सोडून देतात. ओळखायची खूण मागच्या पंखावर आहे. प्लेन टायगरच्या मागच्या पंखाच्या मध्यावर तीन-चार काळे ठिपके असतात, हिच्या मागच्या पंखाच्या वरच्या कडेला एकच. हिचा नर मात्र अगदी वेगळा, काळा मखमली, त्यावर मोठे पांढरे गोल आणि गोलांभोवती जांभळी झाक. या दोघांसाठी करायचं ते एवढंच की भाजीला घोळ खुडताना एक कुंडी सोडून द्यायची.

आता गोडलिंब. बाहेरगावचे लोक त्याला कढीपत्ता म्हणतात. नागपुरात गोडलिंबाचं झाड नाही असं अंगण मला माहीत नाही, आणि म्हणून लाइम बटरफ्लाय नाही असंही अंगण नसावं. काळं-पिवळसर, मागच्या पंखाला विटकरी डाग, सतत फडफडणारं. सोबत कॉमन मॉर्मनही येतं, शेपटीवालं, काळ्या पंखावर पांढऱ्या ठिपक्यांची ओळ असलेलं. दोघंही लिंबू, संत्रा, बेल, गोडलिंब या कुळावर वाढतात. लहान अळी काळपट तपकिरी आणि मधे पांढरी असते, पानावर चिमणीची शी पडलेली आहे असंच वाटतं. शेवटच्या कातीनंतर ती हिरवीगार होते. तिला काडीने डिवचलं तर डोक्यामागून नारिंगी दुहेरी शिंग फट्‌कन बाहेर येतं आणि आंबूस, उग्र वास सुटतो. मुलांना हे एकदा दाखवावं, पुन्हा पुन्हा करायला देऊ नये. तिचा जीव दमतो.

माझं माहेर काटोलचं. भाऊ संत्र्याची नर्सरी सांभाळतो, जंबेरी नावाच्या लिंबाच्या खुंटावर कलमं बांधतो. त्याच्या दृष्टीने ही अळी शत्रू आहे, आणि त्याचं म्हणणं खरं आहे. वीतभर जंबेरीच्या रोपावर दोन-चार अळ्या बसल्या तर पानं जाऊन नुसती काडी उरते. त्याच्या पोटापाण्याचा प्रश्न आहे. तो म्हणतो, "ताई, आमची कीड तू घरी पाळून राहिली." मी त्याला म्हणते की रोपावरची उचल, मोठ्या झाडावरची राहू दे. पुरुषभर उंचीच्या गोडलिंबाची थोडी पानं गेली तर त्याचं काही बिघडत नाही, उलट नवे धुमारे फुटतात आणि आपल्या वरणाला पानं पुरून उरतात. गेल्या काही वर्षांपासून तो सकाळी वाफ्यात हाताने वेचलेल्या अळ्या चुरडत नाही. नागपुरात येणं असलं की भोकं पाडलेल्या डब्यात, चार डहाळ्यांसकट घेऊन येतो. आमच्या अंगणातल्या जुन्या लिंबावर आणि गोडलिंबावर त्या वाटून सोडते. भाऊबिजेला त्याने आणलेल्या साडीपेक्षा मला त्या डब्याचं जास्त अप्रूप आहे, आणि हे त्याला ठाऊक आहे.

गोडलिंब नवा आणणार असाल तर एक लक्षात ठेवा. नर्सरीतल्या रोपावर कधी कधी औषध मारलेलं असतं, त्यातलं काही पानात मुरलेलं राहतं. रोप आणल्यावर जुनी पानं गळून नवी पालवी येऊ द्या. आणि अळी दिसली म्हणून कडुनिंबाचं तेल फवारू नका. ते नैसर्गिक आहे हे बरोबर, पण अळी त्यानेही मरते.

कण्हेरीवर कॉमन क्रो वाढतं. काळसर तपकिरी, कडेला पांढरे ठिपके. त्याचा कोष मात्र बघाच, पॉलिश केलेल्या चांदीच्या दागिन्यावरही असं तेज नसतं. कण्हेर विषारी आहे, लहान मूल किंवा गाय-वासरू असलेल्या अंगणात मुद्दाम लावू नका. ज्यांच्याकडे आधीच आहे त्यांनी फक्त पानं उलटून बघावीत. कुंपणाला बोरीचं झुडूप असेल तर पांढऱ्या पंखांवर काळे ठिपके मिरवणारं कॉमन पिरो येईल. कृष्णकमळाच्या वेलीवर टॉनी कोस्टर, सीताफळावर आणि उंच सरळ अशोकावर टेल्ड जे. आंब्यावरचं बांडगूळ सगळं काढत असाल तर एखादी फांदी सोडा; हळदीकुंकू नावाचं फुलपाखरू त्याच्यावरच वाढतं. त्याच्या पंखांची खालची बाजू बघितली की नाव कोणी ठेवलं असेल हे विचारावं लागत नाही.

आता फुलं. दसऱ्याला झेंडू लागतोच, पण गच्च पाकळ्यांचे मोठे हायब्रीड गेंद फुलपाखराच्या फारसे कामाचे नसतात. त्यांत सोंड जायला वाटच नसते. एकेरी पाकळ्यांचा, मधला गाभा उघडा दिसणारा गावरान झेंडू लावा. झिनिया आणि कॉसमॉसचंही तेच, एकेरी घ्या. पेंटास आणि इक्झोरा कुंडीत छान येतात. जागा अशी निवडा की सकाळचं ऊन थेट पडेल आणि वारा अडेल, आमच्याकडे पूर्वेच्या भिंतीचा कोपरा तसा आहे. आणि एकदांडी, जी कुठेही फरशीच्या फटीतून उगवते, तिला नावं ठेवू नका. तिच्या बोटभर दांडीवरच्या छोट्या पिवळट फुलावर दिवसभर निळी चिमुकली फुलपाखरं बसलेली असतात. घाणेरीवर फुलपाखरं तुटून पडतात हे मी रोज बघते, तरी ती लावा असं मी सांगणार नाही. तिने आपली जंगलं गिळली आहेत, पक्षी तिचं बी खाऊन दूरवर टाकतात, आणि अंगणातली घाणेरी अंगणात राहत नाही.

पाण्याचंही एक आहे. फुलपाखरू वाटीतलं पाणी पीत नाही, ओली माती चोखतं. हे बहुतेक नर असतात आणि त्यांना हवे असतात क्षार, मुख्यतः सोडियम. जुन्या पसरट परातीत वाळू आणि माती भरून उन्हात ठेवा, चिमूटभर मीठ टाका, आणि ओल राहील एवढंच पाणी रोज शिंपडा. तांदूळ धुतलेलं पाणीही चालतं. वर पाणी साचून राहता कामा नये, नाहीतर डासांची सोय होईल. ऊन चढलं की एमिग्रंट आणि लाइम तिथे येऊन सोंड टेकतात.

आणि पिकलेलं केळं. फुलाकडे ढुंकूनही न बघणारी फुलपाखरं असतात, त्यांना आंबलेलं फळ हवं असतं. फळवाल्याकडून काळी पडलेली केळी मागून घ्या, सीताफळ फुटलं असेल तर तेही, थोडा गूळ कुस्करून ताटलीत घाला आणि सावलीतल्या फांदीला टांगा. मुंग्यांसाठी दोरीला खालवर एरंडेल चोपडा. यावर आमच्याकडे नेमाने येतं ते इव्हनिंग ब्राउन. जंगलाच्या जवळ, गोरेवाड्याकडे राहणाऱ्या मैत्रिणीकडे नारिंगी बॅरोनेटही येतो. तिथे तेंदू आहे आणि त्याची अळी तेंदूवर वाढते.

इव्हनिंग ब्राउनची आणि भुलाबाईची वेळ एक आहे. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत आमच्याकडे सासूबाई भुलाबाई मांडतात. ज्वारीच्या धांड्यांचं मखर, आत भुलाबाई-भुलोजी, आणि संध्याकाळी गल्लीतल्या पोरी गाणी म्हणायला येतात. खिरापत ओळखायचा गोंधळ चालू असताना हे तपकिरी फुलपाखरू अंधारून आल्यावर गवतातून उठतं आणि ओसरीच्या ट्यूबलाइटकडे येतं. पतंग समजून पोरी ओरडतात. मी गाणी थांबवून ते दाखवते. पावसाळ्यातल्या पिढीच्या पंखांखाली ठसठशीत डोळे असतात, पिवळं कडं आणि मधे पांढरा बिंदू. थंडीकडे जन्मणाऱ्या पिढीला ते डोळे जवळपास नसतात, पंख अगदी वाळक्या पानाचे होतात, आणि प्रत्येकाचा रंग जरा वेगळा. पावसाळ्यात गवत हिरवं असताना डोळे दाखवून पक्ष्याची चोच पंखाच्या कडेवर वळवायची, आणि पाचोळा पडला की पाचोळ्यात मिसळून जायचं. कोजागिरीच्या आसपास भिंतीवर दोन्ही वेश शेजारी शेजारी बसलेले सापडू शकतात. याची अळी गवतावर आणि धानावर वाढते, म्हणून भिंतीलगतच्या पट्ट्यात सावलीतलं थोडं गवतही हवं.

खुळखुळा कोणाच्या मोकळ्या प्लॉटवर असेल तर त्याची एक वाळत आलेली फांदी आणून तारेला अडकवा. प्लेन टायगर, ब्लू टायगर, कॉमन क्रो यांचे नर त्यावर गोळा होतात आणि पानं-देठ खरवडून रस चोखतात. त्या झाडातलं एक द्रव्य त्यांना मादीला भुलवणारा गंध तयार करायला लागतं. फुलं नाहीत, मध नाही, आणि तरी वाळक्या फांदीवर फुलपाखरं लगडलेली पाहून शेजारी पाहुणे बोलावून आणतात. त्या दिवशी मला कोणाला काही समजावून सांगावं लागत नाही.

सापाची भीती मात्र मी उडवून लावत नाही. आमच्या भागात साप निघतात, आणि घरात म्हातारी माणसं आणि मुलं आहेत. म्हणून पट्टा भिंतीला लागून दोन-अडीच फुटांचाच ठेवते. दरवाज्यापासून, पायवाटेपासून आणि नळापासून तो लांब असतो. पायवाटेच्या दोन्ही बाजू बोडक्या करते, विटा-लाकडांचा ढीग जवळ ठेवत नाही आणि अंधार पडल्यावर तिकडे कोणाला जाऊ देत नाही. शेजाऱ्यांना हे दिसतं म्हणून त्यांचाही विरोध मावळला. समोरच्या घरी यंदा दसऱ्याला पुढचं अंगण साफ झालं आणि मागच्या भिंतीचा तरोटा राहिला. ज्या दिवशी गल्लीत डासांसाठी धूर सोडायची गाडी येते त्या दिवशी परात झाकते आणि रुईवर जुनी ओली साडी पांघरते. धूर ओसरला की लगेच काढते.

तुळशीचं लग्न लागलं की मी पट्टा काढायला घेते. तोवर तरोट्याच्या शेंगा वाळतात आणि पानं गळायला लागतात, म्हणजे अळ्यांसाठी तिथे काही उरलेलं नसतं. तरीही एकदम काढत नाही. अर्धा आधी, अर्धा दोन आठवड्यांनी. प्रत्येक काडी खालपासून वरपर्यंत बघायची. कोष असलेली काडी तशीच कापून कुंडीत खोचायची, उभीच, उन्हावाऱ्याची तीच दिशा ठेवून. गोडलिंबावरचे आणि भिंतीवरचे लाइमचे कोष कमरेशी रेशमी धाग्याने बांधलेले असतात, ते सोडवायला जाऊ नका. धागा तुटला तर कोष पडतो. थंडीत यातले काही कोष खूप दिवस तसेच राहतात. ते मेले असं समजून टाकू नका. बोटाने हलका स्पर्श केल्यावर कोष जरासा हलला तर आत जीव आहे.

रुई आणि गोडलिंब तर कापायचेच नाहीत. तरोट्याच्या शेंगांतलं बी सासूबाई डब्यात भरून ठेवतात. मृगाचा पहिला पाऊस झाला की भिंतीलगत मूठभर फेकायचं, बाकी तो स्वतः बघतो. यंदा बी भरपूर आहे. त्रिमूर्तीनगर, प्रतापनगर, खामला, जिथून कोणी येईल त्यांना पुडी बांधून देईन. भावाने जंबेरीची काही रोपंही कबूल केली आहेत, पण ती ज्यांच्याकडे मोकळी जमीन आहे त्यांनाच, कुंडीसाठी नाहीत.